चोरी कोणाला म्हणायची?

परवा दुपारी जेवणं आटोपून जरा आडवी झाले होते, तर शेजारून भांडणाचे आवाज यायला लागले. मे महिना, चाकरमानी गावाला आलेले, म्हणजे भांडण आलंच! आमच्याकडे आंबा, फणस आणि भाऊबंदकी यांचा हंगाम एकच असतो. पण या वेळी आवाज जरा वेगळा होता. कोणीतरी "पोलीस" म्हणत होतं.

मागचं दार उघडून गेले. थोरला भाऊ मुंबईहून आलेला, धाकटा कायम इथेच राहणारा. हे दोघे चुलतभाऊ, आणि दोघेही माझ्या हाताखालून शिकून गेलेले. सामाईक जमीन, सातबाऱ्यावर नऊ नावं, त्यातली चार माणसं हयात नाहीत. धाकट्याने माणूस बोलावून माड पाडून घेतले. तीस-पस्तीस नारळ, फार तर हजार-दीड हजारांचे. थोरल्याचं म्हणणं, त्या कोपऱ्यातले माड आपल्या वाट्याचे.

"बाई, चोरी ती चोरीच! पाच नारळ काय नि पाचशे काय. मी तक्रार देणार."

"बगा बाई! माझ्या आज्यान लायललो माड तो, आणि माकाच चोर म्हणतत!"

आणि नारळ पाडणारा बिचारा कोयता कमरेला अडकवून मधोमध उभा. त्याची मजुरीही कोणी दिली नव्हती.

सुट्टीला माझी नात आली आहे. ती कायद्याचा अभ्यास करते. संध्याकाळी मी तिला सहज विचारलं, "काय गं, ही चोरी होते का?" ती हसली आणि पुस्तक घेऊनच बसली. पुढचे तीन-चार दिवस आमची रोज संध्याकाळी शिकवणी चालली. बाई मात्र ती आणि विद्यार्थिनी मी!

आपण आयुष्यभर 'चारशेवीस', 'तीनशे दोन' हे आकडे बोलण्यात वापरत आलो. १८६०चा तो इंडियन पीनल कोड आता गेला. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं जुनं ३७८ कलम आता ३०३ झालं. पण आतला मजकूर बराचसा तोच आहे, आणि गंमत म्हणजे त्यातली उदाहरणंही बरीचशी तीच. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली पहिला मसुदा तयार केला तेव्हापासून कायद्यात अशी उदाहरणं घालायची पद्धत पडली. 'अ'ने असं केलं, 'ब'ने तसं केलं, तर गुन्हा झाला की नाही? अगदी आपल्या व्याकरणाच्या पुस्तकासारखं! मला वाटलं होतं कायदा म्हणजे रुक्ष विषय. पण मी रमलेच त्यात.

चोरी ठरायला पाच गोष्टी लागतात, असं नात म्हणाली. वस्तू जंगम हवी, दुसऱ्याच्या ताब्यातली हवी, त्याच्या संमतीवाचून घेतलेली हवी, जागची हललेली हवी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मनात लबाडी हवी. नारळ माडावर आहे तोवर तो जमिनीचाच भाग. कोयता लागून सुटला की जंगम! म्हणजे चोरीचा प्रश्न तिथून सुरू.

उदाहरणं तर फारच छान आहेत. मित्राच्या घरी गेलो, तो घरात नाही, वाचायला म्हणून त्याचं पुस्तक उचललं, परत द्यायचं मनात आहे. चोरी नाही, कारण मित्राची मूक संमती आहे असं त्याला वाटलं असणार. (माझ्या कपाटातून गेलेली पुस्तकं आठवली. ती सगळी मंडळी निर्दोष सुटली म्हणायची!) याच्या उलट, माझं घड्याळ मी दुरुस्तीला दिलं, दुकानदाराने पैसे मिळेपर्यंत ते ठेवून घेतलं, आणि मी पैसे बुडवायला ते गुपचूप उचलून आणलं, तर माझंच घड्याळ असून मी चोर! म्हणजे वस्तू कोणाची यापेक्षा ताबा कोणाचा आणि मनात काय, हे कायदा आधी बघतो.

म्हणूनच आमच्या धाकट्याला सांगण्यासारखं बरंच काही आहे. वस्तू आपलीच आहे असं प्रामाणिकपणे समजून घेतली, तर ती चोरी होत नाही. तो समज पुढे चुकीचा ठरला तरी हरकत नाही, फक्त तो खरा हवा, मागाहून रचलेला नको. मग वाट्याचं भांडण दिवाणी कोर्टात जायचं, फौजदारीत नाही. नारळ पाडणाऱ्याला तर मालकानेच बोलावलंय असं वाटलं होतं.

शिक्षांचंही तसंच. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पुन्हा त्याच गुन्ह्यात दोषी ठरला तर एक ते पाच वर्षं सक्तमजुरी. राहत्या घरात किंवा देवळात चोरी केली, मूर्ती उचलली, तर सात वर्षांपर्यंत. चोरी करताना मारायची तयारी ठेवली तर दहा. पाच किंवा जास्त जण मिळून लुटायला आले की तो दरोडा, आणि तिथे जन्मठेपेपर्यंत मजल जाते. दिवेआगरचा सोन्याचा गणपती आठवतो ना? १९९७ साली बागेत पेटीत सापडलेला, आणि २४ मार्च २०१२ला दोन पहारेकऱ्यांना ठार मारून चोरून नेलेला. २०१७ साली त्यातल्या काहींना जन्मठेप झाली. ते सोनं घेणाऱ्यांवरही खटला चालला, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हाच.

आणि दुसऱ्या टोकाला नवीन कायद्यात एक चांगली सोय आली आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरलेला, आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंग नाही, समाजसेवेची शिक्षा. अगदीच क्षुल्लक नुकसान असेल, शहाण्या माणसाने तक्रारही केली नसती असं, तर तो गुन्हाच नव्हे असंही एक कलम आहे. सात वर्षांखालच्या मुलाने काही केलं तरी तो गुन्हा नाही. सात ते बारा वयाच्या मुलाला आपण काय करतोय ते कळण्याइतकी समज होती का, हे आधी बघायचं.

इथपर्यंत मी मजेत ऐकत होते. मग नात पुराव्याच्या कायद्याकडे वळली.

"आजी, चोरीनंतर लगेच एखाद्याकडे तो माल सापडला, तर कोर्ट त्याला चोर मानू शकतं. पण ती वस्तू आपल्याकडे कशी आली हे त्याने नीट सांगितलं नाही तरच. आणि अधिकारातल्या माणसाने धमकावून घेतलेली कबुली चालत नाही. पोलिसांसमोर दिलेली तर नाहीच."

मी म्हटलं, "आज इथेच थांबूया." तिला वाटलं, आजी दमली.

आता खरी गोष्ट सांगते. ती मी आजवर घरातही कोणाला सांगितलेली नाही.

१९८१ सालची गोष्ट. मी पाचवीला शिकवत होते. वर्गात एका मुलाचे वडील बोटीवर कामाला होते. त्यांनी त्याला सोनेरी टोपणाचं परदेशी पेन आणून दिलं होतं. आठ दिवस त्या पेनाचं सगळ्या वर्गाला वेड. एके दिवशी ते हरवलं. मी सगळ्यांची दप्तरं तपासली. सगळ्यांची म्हणते, पण सुरुवात शेवटच्या बाकापासून केली. ती तिथूनच का केली, हे आज मला चांगलं माहीत आहे. पेन सापडलं ते रापणीवर जाणाऱ्या एका माणसाच्या मुलाच्या दप्तरात. दहा-अकरा वर्षांचा असेल.

"माका वाटेर गावला, बाई," तो म्हणाला.

एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याला एकही पुढचा प्रश्न विचारला नाही. कुठल्या वाटेवर? कधी? कोणाचं ते ठाऊक होतं का? काही नाही. उलट म्हटलं, "खोटं बोलतोस?" आणि छडी घेतली. तिसऱ्या छडीला तो म्हणाला, "होय बाई, मी घेतलंय." मी वर्गाला सांगितलं, बघा, शेवटी खरं बोलला! आणि चोरी करू नये यावर पंधरा मिनिटं बोलले.

चार दिवसांनी पेनवाल्या मुलाची आई दुसऱ्याच कामाला शाळेत आली होती. बोलता बोलता म्हणाली, "पेनाचं कसलं कौतुक बाई, ह्याच्या चड्डीचा खिसाच फाटलेला, दोन रुपयेही असेच वाटेत पाडून आला." मी नुसती हसले. मला सगळं कळलं होतं. तोपर्यंत तो मुलगा शाळेत यायचा बंद झाला होता. घरी जाऊन बोलवावं असं चार-सहा वेळा मनात आलं. मग परीक्षा आल्या, मग मे महिना आला. पुढच्या वर्षी हजेरीपटावर त्याचं नाव नव्हतं.

रस्त्यात सापडलेल्या वस्तूचंही कायद्यात उदाहरण आहे. नातीच्या पुस्तकात मी ते दुसऱ्या दिवशी एकटीने वाचलं. एकाला हमरस्त्यावर एक रुपया सापडतो, कोणाचा ते माहीत नाही, तो उचलतो. गुन्हा नाही. मालकाला परत द्यायला म्हणून उचलला तरी गुन्हा नाही. मालक कोण हे कळल्यावर किंवा शोधायची खटपट न करताच वापरून टाकला, तर मात्र गुन्हा. म्हणजे तिथेही त्याला विचारायचं असतं, बाबा रे, तुझ्या मनात काय होतं? कदाचित त्याच्या मनात ते पेन ठेवून घ्यायचंच असेल. कदाचित मधल्या सुट्टीत तो ते देणार असेल. मला माहीत नाही, कारण मी विचारलं नाही.

वय सात ते बाराच्या मधलं, वस्तू वाटेत सापडलेली, तिचं कारण त्याने आपणहून सांगितलेलं, आणि कबुली छडीने घेतलेली. सराईत चोरालासुद्धा कोर्टात जे मिळतं, त्यातलं त्या मुलाला माझ्या वर्गात काहीच मिळालं नाही. तक्रार ऐकणारी मी, तपास करणारी मी, निकाल देणारी मी आणि शिक्षाही मीच केली.

तो मला नंतर एकदा भेटला, बारा-पंधरा वर्षांनी, मालवणच्या एसटी स्टँडवर. गोव्याला ट्रॉलरवर जात होता. "बाई, वळाखलात माका?" म्हणून वाकून पाया पडला. मी बायको-मुलांची चौकशी केली. गाडी लागायला दहा मिनिटं होती. दहा मिनिटं पुष्कळ होती. मी पावसाबद्दल बोलले.

असो. नारळांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. थोरला तक्रार द्यायला निघालाच होता. मी त्याला म्हटलं, "जा, पण आधी धाकट्याला एवढंच विचार, त्याने ते नारळ कोणाचे समजून पाडले. आणि उत्तर पुरं होईपर्यंत मध्ये बोलू नकोस." नातीने सांगितलं की पाच हजारांच्या आतलं प्रकरण अदखलपात्र असतं, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. त्यानेही तो जरा थंडावला. रात्री दोघे पडवीत बसले. धाकट्याचं म्हणणं निघालं की आजोबांनी ते माड त्याच्या वडिलांना तोंडी दिले होते. थोरल्याला हे ठाऊकच नव्हतं. पटलं असं नाही, पण तक्रार राहिली. मोजणी करून वाटणी मागायचं ठरलंय. ती कधी होईल देव जाणे! नारळ अजून पडवीतच आहेत. पाडणाऱ्याची मजुरी मात्र दोघांनी निम्मी-निम्मी दिली.

तो मुलगा आता पंचावन्नचा झाला असेल. तो हे वाचणार नाही. पण आमच्या गावची बरीच मंडळी आणि नातेवाईक वाचतात, त्यांच्यातल्या कोणाला तरी तो माहीत असेल. कोणाला भेटलाच तर सांगा, बाई म्हणाल्या, पेन वाटेतच पडलं होतं. बाईंना ते चौथ्या दिवशीच कळलं होतं.