एका लॅपटॉपात दोन बिऱ्हाडं

लॅपटॉपचं बटण दाबलं की आता माझ्यापुढे काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची यादी येते. वर लिनक्स मिंट, खाली विंडोज. बाणाच्या कळीने हवं ते निवडायचं, एंटर दाबायचं, की झालं! दहा सेकंद काहीच केलं नाही तर मिंट आपलं आपण सुरू होतं. ही यादी दाखवणाऱ्या इवल्याशा प्रोग्रामचं नाव ग्रब. ती बघायला मिळावी म्हणून मी उगाचच रीस्टार्ट करतो. घरचे हसतात. हसू देत!

खरी गंमत सुरू झाली ती पेन ड्राइव्हपासून. मिंटची फाइल फुकट उतरवून घ्यायची, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती पेन ड्राइव्हवर चढवायची आणि लॅपटॉप त्या ड्राइव्हवरून सुरू करायचा. आणि अख्खी नवी सिस्टीम समोर! वायफाय चालू, फायरफॉक्स चालू, आवाज चालू, आणि हार्ड डिस्कला अजून धक्काही लागलेला नाही. आवडलं नाही तर पेन ड्राइव्ह काढून घ्या, विंडोज होतं तसंच आहे. दुकानात इतकं निवांतपणे कोणी काही वापरून बघू देतं का?

मग जागेची वाटणी. हे काम विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये करायचं. सी ड्राइव्हवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. तिथे जागा जीबीत नाही, एमबीत विचारतात, म्हणून १०० जीबीसाठी १,०२,४०० असा आकडा टाकायचा. टाकला, आणि निळ्या पट्टीशेजारी काळी पट्टी उमटली. कोणाचीच नसलेली जागा! जुन्या वाड्यात मध्ये भिंत घालून दुसऱ्या बिऱ्हाडाची सोय करावी तसं झालं. पुढे मिंटच्या इन्स्टॉलरने आपणहून विंडोज ओळखलं आणि ‘त्याच्या शेजारी राहू का?’ असं विचारलं. शेजारीच रहा बाबा, टॅली आणि डिजिटल सहीचं टोकन मला विंडोजवरच लागतं.

शेजारधर्म मात्र एकतर्फी आहे. मिंटमधून विंडोजच्या फाइली सरळ उघडतात, विंडोजला मिंटची जागा वाचताच येत नाही. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप तेवढं बंद ठेवायचं, नाहीतर शट डाउन करूनही विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि मिंटला त्या फाइली बदलता येत नाहीत.

घड्याळाचा किस्सा तर अफलातून. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज धरून चालतं, लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवतं. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर, पण आपण भारतात, म्हणजे साडेपाच तासांचा फरक! मिंट वापरून विंडोजमध्ये शिरलं की दुपारी अडीचला सकाळचे नऊ वाजलेले दिसू शकतात. टर्मिनलमधल्या एका ओळीने मिंटला स्थानिक वेळ पाळायला लावलं की मिटलं.

आणि मराठी! कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट जोडलं आणि टायपिंग सुरू. हा लेख मिंटमध्येच लिहिलाय. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्‌सने ज्या कर्नलची, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याची, सुरुवात केली, तोच इथे आहे आणि तोच आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही आहे, हे कळल्यावर मी भेटेल त्याला सांगत सुटलोय.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर ११ चढत नाही. तुमच्याकडे असा एखादा असेल तर तो भंगारात देण्याआधी पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून बघा, चार जीबी रॅमवर ते ठीक चालतं. मात्र पार्टिशनला हात लावण्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. हे दोन्ही झाल्याशिवाय श्रिंकवर क्लिक करू नका.