पिनेची पकड

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या पहाडावर एखाद्या घरात वीज येते तेव्हा आधी एक बल्ब येतो आणि एक सॉकेट येतं. २०१७ साली सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेतली जोडणी तेवढीच होती: मीटर, एका दिव्याचं वायरिंग, एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्ज करायला एक पॉइंट. पुढं २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली आणि राहिलेल्या कोलामगुड्यांचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांचा, विचार सुरू झाला. बल्ब एकदा लावला की महिनोन्‌महिने त्याला कुणी हात लावत नाही. सॉकेटाला मात्र उसंत नाही. मोबाइल, बॅटरी, कापसावर फवारायचा चार्जिंगचा पंप, थंडीत पाणी तापवायचा रॉड, उन्हाळ्यात कूलर, सगळं त्या एकाच जागी. शहरातल्या घरात एक सॉकेट बिघडलं तर माणूस पलीकडच्या भिंतीवरचं वापरतो. इथं पलीकडची भिंत कुडाची असते आणि तिच्यावर काहीच नसतं. म्हणून वायरमनचं काम करताना माझा जीव गुंततो तो सॉकेटातल्या त्या दोन-तीन पत्त्यांमध्ये. प्लगची पिन आत गेली की या पत्त्या तिला दोन्ही बाजूंनी धरतात. त्यांनी नीट धरलं तर घर चालतं.

लोक मला बोलावतात ते वेगळ्याच तक्रारीसाठी. मराठवाड्यातून पहाडावर येऊन राहिलेल्या एका आजींनी बोलावलं होतं. म्हणाल्या, “भाऊ, ह्यो चार्जर रातच्याला आपोआप गळतो, सकाळी बघावं तर मोबाइल बंद.” चार्जरखाली त्यांनी नातवाची पुस्तकं रचून टेकू दिला होता. कुणी कागदाची घडी करून पिनेसोबत आत सरकवतं, कुणी काडेपेटीची काडी खोचतं, कुणी वरून चिकटपट्टी लावतं. प्लग पडू नये, एवढाच या सगळ्या उपायांचा हेतू असतो. माझं म्हणणं असं, की पडणं हे दुखण्याचं सगळ्यात कमी धोक्याचं रूप आहे. पडलेला प्लग दिसतो. न पडता आत ढिला बसलेला प्लग दिसत नाही, आणि घर जळतं ते त्याच्यामुळं.

हे थ्री पिनमध्ये चांगलं कळतं. आपल्याकडची अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी, की प्लग घालताना अर्थ सगळ्यात आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. आता समजा, अर्थची पत्ती चांगली घट्ट आहे आणि फेजची सैल पडली आहे. प्लग ओढून बघा, हलणारसुद्धा नाही. घरातला माणूस खात्रीनं सांगेल की मस्त घट्ट बसलाय. सॉकेट उघडावं, तर अर्थची पत्ती पिवळीधमक आणि फेजची काळीनिळी, तिच्याभोवतीचं प्लास्टिक फुगून वर आलेलं. ज्या पिनेतून करंट एरवी वाहतच नाही तिनं सगळा प्लग धरून ठेवला होता, आणि जिच्यातून वाहतो ती आत नुसती टेकली होती.

टेकणं आणि धरणं यांत एवढा फरक का पडतो, हे मला आयटीआयमध्ये कुणी समजावलं नव्हतं. ते पुढं वाचताना कळलं. राग्नार होल्म नावाच्या शास्त्रज्ञानं बर्लिनमध्ये सीमेन्सकडे काम करताना याच एका गोष्टीचा ध्यास घेतला होता आणि १९४१ साली त्याचं विजेच्या संपर्कांवरचं पुस्तक निघालं. दोन धातू एकमेकांना लागलेले दिसतात तेव्हा ते खरं तर सगळीकडं लागलेले नसतात. कितीही गुळगुळीत केला तरी पृष्ठभाग आतून खडबडीतच असतो. उंचवट्याला उंचवटा भिडतो, अशा मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांतून सगळा करंट जातो. जोर वाढवला की ते उंचवटे चेपतात, ठिपके मोठे होतात, नवे ठिपके तयार होतात आणि वाट रुंद होते. पिन किती जाड आणि पत्ती किती रुंद, याच्या आधी पत्ती किती जोरानं दाबते हा प्रश्न येतो. मला हे वाचून फार आनंद झाला होता. रोज हातात येणाऱ्या त्या लहानशा पत्तीचं खरं काम काय, ते त्या दिवशी मला कळलं.

हिशोब अगदी सरळ आहे. १५०० वॅटचा रॉड २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर घेतो. पत्ती ढिली पडून त्या जागी एक दशांश ओहमचा जरी अडथळा आला, तरी तिथं चार वॅटच्या वर उष्णता तयार होते. चार वॅट ऐकायला काहीच नाही, पण ते नखाएवढ्या पत्तीत, बंद डब्यात, पाणी तापेपर्यंत साठत राहतात. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आणि पितळ सतत तापत राहिलं की त्यातला स्प्रिंगचा ताण उतरतो. ताण उतरला की पकड सैल, पकड सैल की अडथळा जास्त, अडथळा जास्त की आणखी ताप. हे चक्र एकदा फिरायला लागलं की ते आपणहून थांबत नाही. पावसाळ्यात पहाडावर आठवडा आठवडा ढग उतरलेले असतात, बोर्डाला घाम सुटतो, पत्तीवर हिरवट गंज चढतो आणि हेच चक्र आणखी लवकर सुरू होतं. कागदाची घडी घालणारा माणूस या तापलेल्या जागी सरपण नेऊन ठेवतो. एवढं एक मी प्रत्येक घरात बसून समजावतो.

मोबाइलच्या चार्जरनं मात्र कधी सॉकेट तापत नाही, त्याला करंटच नगण्य लागतो. त्याचं दुखणं निराळं. त्याच्या पिना बहुतेक वेळा युरोपातल्या मापाच्या असतात, चार मिलिमीटरच्या. आपल्या सहा अँपिअरच्या प्लगच्या पिना ५.१ मिलिमीटरच्या. सोळाच्या प्लगची पिन तर ७.१ मिलिमीटरची. बाजारात ‘युनिव्हर्सल’ म्हणून जे एक्स्टेन्शन बोर्ड मिळतात, त्यांत एकाच भोकात बारीक पिनही जाते, जाडही जाते आणि चपटीही. सकाळी जाड पिन घातली की पत्ती फाकते, रात्री बारीक पिन घातली की ती मिटत नाही. कुठलीही पिन घेणारी पत्ती शेवटी कुठल्याच पिनेला नीट धरत नाही. गडचांदूरहून किंवा सीमेपलीकडच्या आसिफाबादहून लोक हौसेनं असे बोर्ड आणतात. त्यांना नाही म्हणताना वाईट वाटतं, पण रॉड त्याच्यावर लावू नका असं मी स्पष्ट सांगतो.

प्लग बनवणाऱ्याला पहिला निर्णय हाच घ्यावा लागतो की नमतं कुणी घ्यायचं, पिनेनं की पत्तीनं. पूर्वीच्या पितळी पिना मधोमध चिरलेल्या असत. ढिली वाटली की सुरीचं टोक चिरेत घालून जरा फाकवायची, पुन्हा घट्ट. जुन्या माणसांच्या हाताला ती सवय अजून आहे. ती सोय मला आवडते, कारण दुरुस्ती घरच्या माणसाच्या हातात राहायची. पण फाकवलेली पिन ज्या सॉकेटात जाईल त्याची पत्ती ताणणार, आणि एका घरची फाकलेली पिन दुसऱ्या घरचं सॉकेट बिघडवणार. आता पिना भरीव असतात आणि नमतं घेण्याचं सगळं काम पत्तीकडं गेलंय. म्हणजे पत्तीचा धातू चांगला हवा. साधं पितळ स्वस्त असतं पण लवकर दमतं, फॉस्फर ब्राँझ महाग असतं पण ताण टिकवून धरतं. बाहेरून दोन्ही सॉकेटं सारखीच पांढरीशुभ्र दिसतात, आणि घेणारा तर बाहेरूनच बघतो.

युरोपातल्या त्या चार मिलिमीटरच्या प्लगमध्ये मात्र एक सुंदर युक्ती आहे. त्याच्या दोन पिना समांतर नसतात. बुडाशी त्यांच्यात १८.६ मिलिमीटर अंतर असतं आणि टोकाशी १७.५. पिना थोड्या लवचीकही असतात. सॉकेटात शिरताना त्या जरा फाकतात, आत गेल्यावर पुन्हा जवळ यायला बघतात, आणि पत्ती साधारण असली तरी त्या स्वतःच आतून पकड घेतात. एक मिलिमीटरचा फरक, पण विचार केवढा. आपल्याकडं येणाऱ्या स्वस्त चार्जरांमध्ये मापाची ही बारकाई पाळलेली क्वचितच दिसते.

दुसरा निर्णय वजनाचा. आपला प्लग मुळात १९३४च्या ब्रिटिश मानकातून आला. ब्रिटिशांनी स्वतः १९४७ साली नवा प्लग काढला, अंगानं चपटा, भिंतीला चिकटून बसणारा आणि वायर खालच्या बाजूनं बाहेर पडणारी. वायरला हिसका बसला तरी प्लग सरळ बाहेर ओढला जात नाही. जर्मनीत १९२०च्या दशकात अल्बर्ट ब्युट्नर यांनी सॉकेटच खोलगट केलं. प्लगचं सगळं अंग त्या खोलीत बसतं, वजन कडांवर पडतं. आपण जुन्या मापावरच राहिलो. त्यावर भर म्हणजे चार्जर आले, ज्यांचं सगळं शरीरच पिनांच्या आधारानं भिंतीबाहेर लोंबकळतं. तो भार रात्रंदिवस पत्तीला एका बाजूनं उचकटत असतो. आजींचा चार्जर गळत होता तो त्यामुळं. त्यांनी पुस्तकं रचली होती ते अगदीच चूक नव्हतं. वजन कुणीतरी वेगळ्यानं उचललं पाहिजे, हे त्यांना न शिकता कळलं होतं.

ही गोष्ट सगळ्यात स्वच्छपणे सोडवलेली मी पाहिली ती गिरणीवर आणि मळणीयंत्रावर वापरायच्या इंडस्ट्रियल प्लगमध्ये. निळा असेल तर सिंगल फेज, लाल असेल तर थ्री फेज. सॉकेटाला स्प्रिंगचं झाकण असतं. प्लग आत घातला की झाकणाची खाच प्लगच्या उंचवट्यावर अडकते. यंत्र कितीही थरथरो, प्लग बाहेर येत नाही, काढायचा असेल तर आधी झाकण उचलावं लागतं. वायरला मागून ग्लँडची पकड असते, त्यामुळं ओढ बसली तर ती स्क्रूवर येत नाही. धरायचं काम झाकणाकडं, वायर सांभाळायचं काम ग्लँडकडं, आणि पिन-पत्तीकडं उरतं ते फक्त करंट वाहणं. ज्याचं त्याला काम वाटून दिलेली अशी वस्तू हातात घेतली की समाधान वाटतं.

घरात हे नसतं, आणि कूलर तर घरातलाच. चंद्रपूरचा मे महिना सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पहाडावर थोडं बरं, तरी कूलर लागतोच. त्याची मोटर फिरताना पत्र्याचं अंग थरथरतं, थरथर वायरमधून प्लगपर्यंत येते आणि प्लग रात्रभरात केसाकेसानं बाहेर सरकतो. सकाळी पिनांचा पिवळा भाग उघडा दिसतो, त्याच घरात रांगणारं मूल असतं. म्हणून मी कूलरची वायर बोर्डाच्या खाली एक वीत अंतरावर क्लिपनं भिंतीला बांधतो आणि क्लिप ते प्लग एवढ्या भागात वायरला थोडा झोल ठेवतो. थरथर क्लिपपाशी संपते. अर्थची पिन मोडून थ्री पिन प्लग टू पिनच्या सॉकेटात बसवलेला दिसला, तर ते काम आधी करतो, बाकी सगळं नंतर. ओल्या पत्र्याच्या डब्याला अर्थ नसली तर उन्हाळ्यात माणसं मरतात. विदर्भात हे दरवर्षी घडतं.

सॉकेटची परीक्षा कशी घ्यायची हे मानकातही छान सांगितलंय. संपूर्ण प्लग ओढून बघतात तो जास्त घट्ट तर नाही ना हे कळायला, कारण ओढताना वायरच उपटली जाईल इतका घट्ट प्लगही कामाचा नाही. पण सैल तर नाही ना, हे बघायला एकच पिन घेतात. ठरावीक वजनाची एक गुळगुळीत पोलादी पिन एका भोकात घालून सॉकेट खाली तोंड करून धरायचं, पिन ३० सेकंद पडता कामा नये. मग दुसरं भोक, मग तिसरं. एकेका पत्तीची वेगळी साक्ष घेतात, म्हणजे एका चांगल्या पत्तीआड दोन वाईट लपत नाहीत. शिवाय हजारो वेळा घालून-काढून झाल्यावर तापमान मोजतात ते वेगळंच.

माझ्याकडं ती पोलादी पिन नाही. जुन्या प्लग टॉपमधून काढलेली एक पितळी पिन पिशवीत असते. दुकानात सॉकेट घेताना ते उलटं धरून एकेका भोकात ती घालून बघतो. सुरुवातीला दुकानदार वैतागायचे, आता स्वतःच दोन-तीन कंपन्यांची सॉकेटं पुढं ठेवतात. एका पॉइंटच्या घरासाठी मी सहाऐवजी सोळाचं, सहा-सोळा दोन्हीची वेगळी भोकं असलेलं सॉकेट सुचवतो, म्हणजे जाड पिन आणि बारीक पिन एकाच पत्तीवर येत नाहीत. बोर्ड कमरेच्या उंचीवर आणि त्याखाली चार बोटं रुंद लाकडी फळी, चार्जरचं बूड तिच्यावर टेकेल इतक्याच अंतरावर. मोबाइलही तिथंच राहतो, वायर लोंबत नाही.

ही फळी खरं तर सॉकेटच्या साच्यातच असायला हवी. प्लेटच्या खालच्या कडेला अर्ध्या इंचाचा ओठ, बस एवढंच, त्याला लागेल ते थोडंसं प्लास्टिक. सोबत ज्या योजनेत घराला एकच पॉइंट मिळतो, तिथं पत्ती फॉस्फर ब्राँझचीच असावी अशी अट निविदेत घालावी. ज्या घरात दुसरं सॉकेट नाही, तिथं सगळ्यात स्वस्त सॉकेट बसवणं मला पटत नाही.