मेथी निवडता निवडता

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी पोटच्या मुलीशी अबोला धरलाय? मी धरला, चांगला दोन दिवस! आमची तेरा वर्षांची लेक पाच वर्षं शास्त्रीय गाणं शिकतेय. परवा सरळ म्हणाली, "आई, क्लास सोडते. मला बास गिटार शिकायचीय." शाळेत मी दुसऱ्यांच्या मुलांना समजावते, घरच्या मुलीपुढे मात्र शब्दच सुचेनात.

रविवारी मेथी निवडत होते. ती मुकाट्याने शेजारी बसली, एक जुडी सोडली आणि मोबाइलवर गाणं लावलं. लंडनच्या क्वीन या बँडचं, १९८० सालचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. गिटारींचा गदारोळ नव्हताच. डग्ग्यासारखी घुमणारी बास आणि सरळ, ठाशीव ठेका. पाय हलला हो माझा!

लेक सांगू लागली. हा मूळचा रॉक बँड. त्यातला बास वाजवणारा अबोल जॉन डीकन फंक आणि डिस्कोचा शौकीन. न्यूयॉर्कच्या शीक बँडबरोबर तो स्टुडिओत बसला होता. त्यांच्या 'गुड टाइम्स'चा ठसा या गाण्यावर आहे. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. मग १९८२ मध्ये 'हॉट स्पेस' या तबकडीत त्यांनी हाच रंग पुष्कळ वापरला, तर जुने चाहते रुसले! बँडमध्येही सगळ्यांना ते रुचलं नव्हतं. १९८४ च्या तबकडीत ते पुन्हा बरेचसे रॉककडे वळले.

"आणि आई, त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीत शिकला!"

आम्ही वाईचे, पसरणीचा घाट चढला की पाचगणी. झांझिबारच्या पारशी घरातला फारोख बलसारा आठव्या वर्षी तिथल्या वसतिगृहात आला, पियानो शिकला. एवढ्याशा पोराला समुद्रापार धाडताना त्या आईला काय वाटलं असेल? माझी तर दोन गल्ल्या सोडून क्लासला जाणार.

खरं सांगू? रुसलेल्या चाहत्यांतली मीही एक. लग्नानंतर माझा रियाज सुटला. माझं राहिलेलं गाणं ती गाईल, ही आशा मी तिला न विचारताच तिच्या गळ्यात बांधली होती.

पेटी झाकून ठेवलीय, विकणार नाही. गाण्याच्या बाईंना अजून सांगितलेलं नाही. उद्या मायलेकी दोघी जाऊ. जाताच आहोत तर विचारीन म्हणते, तिच्या रिकाम्या जागी अडतिशीतली विद्यार्थिनी चालेल का?