सभासदाचे मत

विधानसभेतील सभासद अंदाजपत्रकावर कडाडून टीका करतो आणि अखेरीस त्याच्याच बाजूने हात वर करतो, हे पाहून आपण सुशिक्षित मंडळी हसतो. या हसण्यात आम्हांस न्याय दिसत नाही. क्षणभर त्याच्या आसनावर बसून पाहावे.

त्याच्या गावच्या शाळेचे छप्पर गळत असते. पण कोणत्याही मागणीत एक रुपया वाढविण्याचा अधिकार राज्यघटनेने त्याला दिलेला नाही. कलम २०३ अन्वये सभागृहाने मागणी मान्य करावी, नाकारावी किंवा कमी करावी, एवढेच. कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार हा तर भारित खर्च. त्यावर चर्चा होते, मत घेतले जात नाही. नेमलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्या चर्चेवाचून मतास टाकल्या जातात. कपातीची सूचना संमत होणे म्हणजे मंत्रिमंडळावरील अविश्वासच; म्हणून स्वपक्षीय ती आणीत नाही, आणि विरोधक आणतो तो ती फेटाळली जाणार हे जाणून. मग सकाळी छपरासाठी मंत्र्यांच्या दारी उभे राहावे आणि दुपारी मत द्यावे, हाच मार्ग उरतो. यास ढोंग कसे म्हणावे? ज्या मागणीतून छप्पर व्हावयाचे, तीच बुडवून ते कसे होणार?

तरीही त्याची सर्वस्वी सुटका होत नाही. आमच्याच पेशातील गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलले, तेव्हा त्यावर मत देण्याचा अधिकार कोणाही सभासदास नव्हता. शिल्लक ही भरभराटीची नव्हे, जादा करांची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून दाखविले. मिठावरील कर तेव्हा मणास अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन आणि १९०७ साली एक रुपया झाला. एका भाषणाने हे घडले असे आम्ही म्हणत नाही. पण अभ्यासू शब्द सरकारास सहजी झटकून टाकता येत नाही, एवढे खरे.

गोखल्यांपाशी मत नव्हते, अभ्यास होता. आजच्या सभासदापाशी मत आहे, अभ्यासाचे काय? मागील निवडणुकीत दारी आलेल्या आमच्या सभासदास आम्ही विचारले, "शिक्षणाच्या मागणीवर आपण काय बोललात?" ते चपापले. मग प्रांजळपणे म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, बदल्या, रस्ते, प्रवेशाच्या चिठ्ठ्या सारे मागतात. हे मात्र आजवर कोणी विचारले नाही."

त्या उत्तरातील दोष एकट्या त्यांचा आहे, असे म्हणावयास आमची जीभ रेटली नाही.