पोटावरचा दुसरा जीव

न्यूट हा पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोतावळ्यातला प्राणी. त्याच्या भ्रूणाच्या पोटाला चिकटून आणखी एक भ्रूण वाढलेला, असे एक चित्र विकासजीवशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते. खाली लिहिलेले असते: स्पेमान आणि मांगोल्ड, १९२४. हान्स स्पेमान हा जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा नावाजलेला प्राध्यापक. मांगोल्ड म्हणजे त्याची विद्यार्थिनी, हिल्डे.

स्पेमानने तिला आधी दिलेला विषय होता हायड्रा हा पाण्यातला चिमुकला जीव आतून बाहेर उलटा करून दाखवण्याचा. अठराव्या शतकात कोणाला तरी साधलेली ही करामत हिल्डेला काही केल्या जमेना. मग न्यूटची अंडी हाती आली. अंडे जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे. भ्रूणावर एक खाच पडते, तिची वरची कड कापायची आणि दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवायची. हत्यारे म्हणजे काचेची टोकदार सुई आणि तान्ह्या बाळाच्या केसाचा फास. बसवलेला तुकडा जागचा हलू नये म्हणून वर काचेची इवलीशी पट्टी. अंडी मिळणार फक्त वसंतात. आणि प्रतिजैविके नव्हती, त्यामुळे बहुतेक भ्रूण जंतुसंसर्गाने मरत. इतक्या खटपटीतून हाती लागले मोजकेच.

पण त्या मोजक्यांत काय दिसले! तुकडा फिक्या जातीच्या न्यूटचा होता, यजमान तपकिरी जातीचा. म्हणजे कोणती पेशी कोणाची, हे रंगावरूनच कळत होते. पोटावर उगवलेल्या दुसऱ्या भ्रूणाची चेतानलिका, म्हणजे जिचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो ती नळी, बहुतांशी तपकिरी निघाली. पाहुण्या तुकड्याने ती स्वतः घडवली नव्हती. ज्या पेशींची एरवी पोटाची कातडी झाली असती, त्यांच्याकडून घडवून घेतली होती. रंगाची ही युक्ती मला साऱ्या प्रयोगात सर्वांत देखणी वाटते.

प्रबंध छापायची वेळ आली तेव्हा स्पेमानने त्यावर स्वतःचे नाव घातले, तेही आधी. बाकीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावावर छापले जात. हिल्डेला हे लागले, आणि लागणारच. कल्पना स्पेमानची होती, हे खरेच; पण ती इतरांच्या वेळीही असायचीच की! सप्टेंबर १९२४ मध्ये स्वयंपाकघरातल्या हीटरचा स्फोट होऊन ती भाजली आणि गेली. मागे तान्हा मुलगा होता. १९३५ चे नोबेल एकट्या स्पेमानला मिळाले. ते मरणोत्तर देत नाहीत, तेव्हा त्याचा ठपका त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. नावांच्या क्रमाचा मात्र मारता येतो.

त्या तुकड्यातून नेमके काय पाझरते, याचा शोध पुढे साठेक वर्षे चालला. मारून टाकलेला तुकडाही तेच काम करतो असे १९३२ मध्ये दिसल्यावर तर सगळेच चक्रावले. नॉगिन हाती आले १९९२ मध्ये, कॉर्डिन १९९४ मध्ये, दोन्ही बेडकात. ही प्रथिने पेशींना ‘मेंदू व्हा’ असे फर्मावत नाहीत. पेशींना कातडीकडे ढकलणारा एक संदेश असतो, त्याची वाट ती अडवतात. तेवढे केले की पेशी आपसूक चेतासंस्थेच्या वाटेला लागतात.

हिल्डेची हकिगत आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः तिच्याच प्रयोगशाळेतल्या व्हिक्टर हाम्बुर्गरमुळे. तो १९३२ मध्ये शिष्यवृत्तीवर शिकागोला गेला आणि पुढच्याच वर्षी, नाझी राजवट आल्यावर, ज्यू म्हणून त्याची फ्रायबुर्गची नोकरी गेली. तो अमेरिकेतच राहिला. सेंट लुईसला त्याने रिटा लेव्ही-मोंताल्चिनीला बोलावून घेतले. तिथे सुरू झालेल्या कामाचे नोबेल १९८६ मध्ये तिला आणि स्टॅनली कोहेनला मिळाले, हाम्बुर्गरला वगळले. दोन वर्षांनी, ऐंशी ओलांडलेल्या हाम्बुर्गरचे पुस्तक आले. ते स्पेमान आणि त्या प्रयोगाविषयी होते, आणि त्यात त्याने हिल्डेविषयी सविस्तर लिहिले होते.