चिंचोळी वाट

प्रवासाची खरी गंमत प्रवासाच्या तयारीत असते, असे म्हणतात. आमच्या घरी ही गंमत आम्ही बारा वर्षे पुढे ढकलीत आलो. आमच्या माऊला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. ती चाकांच्या खुर्चीत बसते. बोलताना अडखळते, हट्ट मात्र अस्खलित करते. यंदाचा हट्ट होता, "बाबा, विमानानं गोव्याला!"

सोलापुरात २०२३ साली साखर कारखान्याची चिमणी पडली आणि ९ जून २०२५ रोजी गोव्याचे विमान उडाले. आता सबब उरली नव्हती. उरली होती ती भीती. २०१२ साली कोलकात्याहून गोव्यालाच निघालेल्या जीजा घोष यांना, त्यांनाही हाच विकार, विमानात बसल्यावर खाली उतरवले होते. त्या न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. पुढे २०२२ साली रांचीला एका मुलाला विमानात चढू दिले नाही, तेव्हा नियमच बदलला. आता केवळ अपंगत्वाच्या कारणाने कोणाला नाकारता येत नाही. प्रकृतीची शंका असेल तर विमानतळावरच्या डॉक्टरने समक्ष तपासून मत द्यायचे असते.

मी ४८ तास आधी मदतीची सूचना द्यायचे टिपून ठेवले. माऊची खुर्ची विनामूल्य नेता येते, हेही पाहून ठेवले. राहिली ती विमानातली वाट, जेमतेम दीड फुटाची.

"सराव करू," दादा म्हणाले. दादा म्हणजे सौ.चे वडील बंधू. ते चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आहेत. एका सुटीच्या दिवशी पुणे रस्त्याने आम्ही तिकडे गेलो. रुंद, सरळ रस्ते, धुळीने माखलेल्या बाभळी, फाटकाशी पेंगणारे ट्रक. गोदामात दादांनी टॉवेलचे गठ्ठे लावून दीड फुटाची वाट आखली. मराठीचा मास्तर मी, म्हणालो, "गावाने नाव सार्थ केले!" कोणी हसले नाही.

खुर्ची अर्थातच अडली. दादांनी खांद्याखाली आणि मी गुडघ्याखाली हात घालून माऊला उचलले. ती किंचाळली. आम्ही घाबरून तिला खाली ठेवले.

"कुठं दुखलं का ग?"

"नाही. मला... विचारून... उचला."

गोदाम एकदम शांत झाले. आम्ही सारे काही मोजले होते. तिला विचारायचे तेवढे राहिले होते. बारा वर्षे राहिले होते.

विमानाच्या पायऱ्यांशी एक तरुण कर्मचारी अरुंद खुर्ची घेऊन आला. त्याने मला विचारले, "उचलू का, सर?"

मी म्हणालो, "तिला विचारा."

त्याने वाकून विचारले. माऊने थोडा वेळ घेतला. मागची रांग खोळंबली. मग एखाद्या राणीसारखी ती म्हणाली, "हं. उचला."