बाराखालचं नाव

अमरावती, रविवार.

अकोल्याला टिळक रोडवर घड्याळाच्या दुकानापुढे उगाच रेंगाळलो. काचेमागची सगळी घड्याळं दहा वाजून दहावर थांबलेली. मी विचारलं, तर दुकानदार हसला. “काटे खाली केले त नाव कसं दिसन, भाऊ?”

खरंच, वर उचललेल्या दोन काट्यांच्या मधोमध, बाराखाली, कंपनीचं नाव ऐटीत बसलेलं. तीनपाशी तारखेची खिडकी असते, म्हणून काही जण तोल साधायला नाव नऊकडे सरकवतात. मला ते पटत नाही. नजर आधी वरच जाते.

बाबांच्या एचएमटी ‘जनता’ घड्याळावर हे नाव देवनागरीत होतं. रोज सकाळी चावी देताना त्यांचा अंगठा काचेवरून फिरायचा. एचएमटीनं १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरात घड्याळं सुरू केली. २०१६मध्ये सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. नाव मात्र आमच्या विदर्भात ताटात उरलंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी निवडलेल्या धानाला याच घड्याळावरून ‘एचएमटी’ म्हणतात. तांदळाच्या कट्ट्यावर ते वाट्टेल तिथे, वाकडंतिकडं छापलेलं असतं. तिथे तोलाची काळजी फक्त काट्यावर.